पाण्याचे दोनशे चौदा फोटो

“अहो, ही पिशवी तरी धरा! मला काय चार हात आहेत?”

सुदामराव ऐकतच नव्हते. फेरीबोटीच्या वरच्या डेकवर कठड्याला पोट टेकवून ते पाण्याचा फोटो काढत होते. दोन मिनिटांपूर्वीही पाण्याचाच काढला होता. प्रभावतीबाईंच्या एका खांद्यावर पराठ्यांची पिशवी, दुसऱ्यावर सगळ्यांची जाकिटं आणि हाताला सहा वर्षांची नात प्रिया. जुलै म्हणजे इथला भर उन्हाळा म्हणे! वारा असा की कानात कापसाचे बोळे घालावेत.

सकाळपासून या फोटोंपायी त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता. हॅम्बर्गहून गाडीनं कीलला उतरल्या उतरल्या सुदामराव धक्क्यावरच्या दोरखंडांचे फोटो काढत बसले आणि पहिली फेरी डोळ्यांदेखत निघून गेली. दुसरी तासाभरानं. बरं, ज्यासाठी आलो ते काय, तर फ्योर्ड! प्रभावतीबाईंनी मनात उंच डोंगर आणि धबधबे योजून ठेवले होते. इथे दोन्ही बाजूंना सपाट किनारा, क्रेन आणि जहाजांचे कारखाने.

“यशपाल, डोंगर कुठं आहेत रे?”

“आई, डोंगर नॉर्वेत. हे जर्मनीतलं फ्योर्ड आहे. समुद्र लांबवर आत आलाय, बघ.”

“म्हणजे खाडी.”

“गेनाऊ, अगदी तेच,” यशपाल हसून म्हणाला. मग आईचं तोंड बघून त्यानं हसू आवरलं.

यशपाल हॅम्बर्गला विमानांच्या कारखान्यात इंजिनियर. सून क्रांतीचं लॅबमध्ये काम निघालं, म्हणून ती आली नव्हती. आईबाबा चार दिवसांनी मेहकरला परतणार, त्याआधी एक सहल, म्हणून हा शनिवार.

चारच दिवस उरले होते आणि प्रभावतीबाईंच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. दोन महिन्यांत सुदामरावांनी नातीचा एकही फोटो काढला नव्हता. यशपालच्या मोबाईलमध्ये ढीगभर होते, पण ते वेगळं. नवरा चौतीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवलेला माणूस. बहीण सरला विचारणार, भाऊजींनी काढलेला दाखव ना. तिला काय दाखवायचं, खाडीचं पाणी?

“प्रियाचा काढा ना एक. इथं कठड्याशी छान येईल.”

“उजेड नाही.”

“मग पाण्याला कुठून येतो उजेड?”

सुदामराव दोन पावलं पुढे सरकले. तिथे बाकावर एक जर्मन बाई बाबागाडी घेऊन बसली होती. त्यांनी गाडीच्या अगदी वरून कॅमेरा धरला आणि बटण दाबलं. बाई ताडकन उठली. मोठ्यानं बोलली नाही, पण जे बोलली ते ऐकून आजूबाजूच्या चार माना वळल्या. यशपालचे कान लाल झाले. तो “एन्टशुल्डिगुंग, एन्टशुल्डिगुंग” अशी माफी मागत धावला.

“बाबा, काय हे! इथं परक्याच्या बाळाचा फोटो काढतात का? ती म्हणते, डिलीट करा, नाहीतर कॅप्टनला बोलावते.”

“मी बाळाचा काढला नाही.”

“तिच्या डोक्यावरून कॅमेरा धरलात तुम्ही!”

“मागं लाल बोया होता, पाण्यात तरंगणारा. त्याचा काढला. मी माणसांचे काढतच नाही. दाखव तिला.”

यशपालनं कॅमेरा घेतला आणि बाईच्या शेजारी बसून एकेक फोटो मागे सरकवू लागला. लाल बोया. लाटा. दोरखंड. सीगल. रिकामी बाकं. हॅम्बर्गचा कालवा, पावसातलं तळं, पुन्हा लाटा. दोनशे चौदा फोटो, आणि त्यात माणसाची सावलीसुद्धा नाही. बाईचा चेहरा निवळत गेला. शेवटी तिनं सुदामरावांकडे बघून “शोन, झेअर शोन” म्हटलं आणि बाळाची टोपी सारखी केली.

छान म्हणाली ती. पण मागून डोकावणाऱ्या प्रभावतीबाईंचं माथं भडकलं.

“एक नाही? दोनशेमध्ये एक नाही? मी नसले तर नसू दे, मी म्हातारी झाले. ही पोर काय त्या बोयापेक्षा वाईट दिसते?”

“प्रभा, लोक बघतायत.”

“बघू दे! त्यांना कुठं मराठी कळतंय!”

प्रियाला मात्र कळत होतं. ती बापाच्या पायाला बिलगली. यशपाल तिला घेऊन खाली कॉफीच्या काउंटरकडे गेला, जर्मन बाईही बाबागाडी ढकलत पलीकडे सरकली, आणि डेकच्या त्या कोपऱ्यात नवराबायकोच उरली.

सुदामराव बाकावर बसले. बराच वेळ कॅमेऱ्याचा पट्टा बोटाला गुंडाळत, सोडत राहिले.

“तुला ठाऊक आहे, माझं दुकान कशावर चालायचं ते.”

ठाऊक नसायला काय झालं? मेहकरच्या त्या दुकानात पासपोर्ट फोटोखेरीज दुसरं गिऱ्हाईक म्हणजे पोलीस. विहिरीत कोणी सापडलं, रस्त्यावर ट्रकखाली आलं, की ठाण्याचा शिपाई सायकलवरून यायचा आणि सुदामराव कॅमेरा घेऊन पंचनाम्याला जायचे. गावाला हे कळल्यावर लग्नाच्या ऑर्डरी बंद झाल्या. मढ्याचा कॅमेरा नवरीवर नको, असं लोक तोंडावर बोलत. वस्तीतली आपली माणसंसुद्धा. सुदामरावांनी त्यावर कधी वाद घातला नाही. यशपालच्या इंजिनियरिंगची पहिली दोन वर्षं त्या पंचनाम्यांवर निघाली होती.

“मग? आता कोण बोलावतंय तुम्हाला पंचनाम्याला?”

“प्रेताशेजारी काडेपेटी ठेवायचो मी. फोटोत माप कळावं म्हणून.” सुदामराव पाण्याकडे बघत बोलत होते. “आल्या आल्या प्रियाला कॅमेऱ्यातून बघितलं. सोफ्यावर झोपली होती. डोळा आधी तिच्याशेजारी काडेपेटीची जागा शोधायला लागला. माझी मलाच शिसारी आली. तेव्हापासून नाही धरला तिच्यावर.”

प्रभावतीबाईंनी स्वतः सव्वीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढली होती. ऐकून त्यांना कळवळा यायला हवा होता, आणि आलाही, पण त्याआधी राग आला. इतकी वर्षं एका ताटात जेवून हे आज, परदेशात, बोटीवर सांगायचं?

“मी नाही का बघितली मढी? याच हातांनी त्यांचे डोळे मिटलेत. आणि याच हातांनी रोज नातीला न्हाऊ घालते.”

“तू त्यांना जिवंतपणी बघितलेलं असायचं, प्रभा. पाणी पाजलेलं असायचं. मी सगळं संपल्यावर यायचो.”

प्रभावतीबाईंनी पिशवीतून पराठा काढला आणि रागानंच नवऱ्याच्या हातात ठेवला. “खा. सकाळपासून पोटात काही नाही.”

फेरीच्या दुसऱ्या टोकाला, लाबो गावी उतरून ते वाळूत तासभर बसले. सुदामरावांनी तिथे एकही फोटो काढला नाही. हे तर प्रभावतीबाईंना आणखी खटकलं. मघाशी नको तितके, आता एकही नाही; या माणसाला मधलं काही जमतच नाही.

परतीच्या फेरीत वारा वाढला. प्रिया कठड्याजवळच्या पायरीवर चढून सीगलला बिस्किटाचे तुकडे दाखवत होती, आणि यशपाल मागून तिचं जाकीट धरून उभा होता.

“उठा,” प्रभावतीबाई म्हणाल्या.

“प्रभा, नको म्हटलं ना.”

“मी काय कविता करायला सांगते का? एक फोटो. नाही आला तर नाही आला. पण बघितल्याशिवाय घरी जायचं नाही.”

त्यांनी कॅमेरा स्वतःच नवऱ्याच्या हातात कोंबला. सुदामराव उठले. कॅमेरा डोळ्याला लावला, खाली घेतला, पुन्हा लावला. प्रभावतीबाईंनी त्यांचं कोपर खालून धरलं, सलाईन लावताना पेशंटचा हात धरतात तसं, घट्ट.

“आबा, श्नेलर!” प्रिया ओरडली. “मीअर इस्ट काल्ट!”

“काय म्हणते?”

“लवकर म्हणते. थंडी वाजतेय तिला,” यशपाल म्हणाला.

एवढ्यात सीगल बिस्किटावर झेपावला. प्रिया किंचाळली, हसली, बापाच्या अंगावर कोसळली, आणि त्याच क्षणी बटण दाबलं गेलं.

यशपालनं पडद्यावर बघितलं. पाण्याच्या फोटोंचं सेटिंग तसंच राहिलं होतं. पिवळ्या जाकिटाचा फराटा, केसांचा फराटा, आणि मध्ये उघडं तोंड, दोन दात पडलेलं.

“बाबा, हललाय. दुसरा घ्या, मी सेटिंग बदलून देतो.”

“ती हलली,” सुदामराव म्हणाले. “राहू दे.”

ते बाकावर बसले आणि दोन्ही तळव्यांनी पडद्यावर आडोसा करून बघत राहिले. कीलचा धक्का आला. खलाशानं दोर फेकला, फळी आदळली, माणसं सायकली आणि कुत्री घेऊन जिन्याकडे लोटली. यशपाल प्रियाला उचलून पुढे गेला होता, खालून हाका मारत होता. हॅम्बर्गची गाडी अकरा मिनिटांनी होती.

“अहो,” प्रभावतीबाईंनी सुरुवात केली, पण सुदामराव अजून पडद्याकडेच बघत होते, तशा त्या तिथेच थांबल्या. मग पिशवी, जाकिटं सगळं सावरून त्या बाकापुढे आडव्या उभ्या राहिल्या. लोक त्यांना वळसा घालून उतरत होते. एकानं कुरकुर केली तशी त्यांनी त्याच्याकडे डोळे वटारून बघितलं, आणि जागच्या हलल्या नाहीत.