दोन माणसांचा रंधा

ठक. मग थोडं थांबून, हलकेच, आणखी एकदा ठक.

मी ऐकलेला पहिला आवाज हा. त्याला फार वर्षं झाली. एका म्हाताऱ्या सुतारानं माझ्या पोटात पातं बसवलं, त्याच्या पाठीशी पाचर सारली आणि लाकडी हातोडीनं ती ठोकली. पहिला ठोका पाचर बसवायला. दुसरा, ती नीट बसली का ते ऐकायला. दुसऱ्या ठोक्यानंतर त्यानं मान तिरकी करून कान दिला आणि म्हणाला, "हं. आता बोलेल हा."

तर मी बोलतोय. मी रंधा. शाळा मी पाहिली ती तिथल्या बाकांच्या फळ्यांपुरतीच, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या. बोलतोही सावकाश. घाई केली की लाकूड उखडतं, त्यामुळे अंगवळणीच पडलंय.

माझ्यासारखे रंधे आता फारसे दिसत नाहीत. मी चांगला दीड हात लांब आहे आणि माझ्या नाकाजवळ एक आडवी दांडी आरपार घातलेली आहे. कारण मी एका माणसाचा नाही. रुंद फळी सपाट करायची तर मला दोघं लागतात. एक माझ्या मागे उभा राहतो. तो दाबतो आणि ढकलतो. दुसरा त्याच्याकडे तोंड करून माझ्या पुढे उभा राहतो. तो दांडी धरून ओढतो. पातं किती खोल चाललंय हे पुढच्याला दिसत नाही. मागच्यावर भरवसा ठेवून त्यानं नुसतं ओढायचं असतं.

म्हाताऱ्यानं मला त्याच्या दोन मुलांसाठी घडवलं. "दिवसभर भांडतात दोघं," तो शेजाऱ्याला म्हणाला होता. "एकाच रंध्याला जुंपले तर निदान तोंडं एकमेकांकडे राहतील."

जागाही त्यानंच ठरवून दिल्या. थोरला मागे, धाकटा पुढे. पाचर ठोकायची तीही मागे उभा राहील त्यानंच. म्हातारा गेला तरी त्या जागा बदलल्या नाहीत. थोरल्याला धाकटा दादा म्हणायचा, म्हणून मीही दादाच म्हणतो.

काय दिवस होते ते! दादाचा उजवा तळवा माझ्या पाठीवर पडला की मला कळायचं, आज लाकूड कोणतं आहे. कठीण लाकडाला तो जड पडायचा, मऊला हलका. समोरून धाकट्याची टकळी चालू. "दादा, दाबतोयस की माझ्या जिवावर फिरायला निघालायस?" आणि दादा हसून एवढंच म्हणायचा, "ओढ रे, ओढ. बोलण्यानं फळी गुळगुळीत होत असती तर तुला एकट्यालाच ठेवलं असतं." माझ्या तोंडातून लाकडाचं पातळ सालपट अखंड निघायचं, फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. ते न तुटता आलं की धाकटा ते स्वतःच्या कानावर अडकवायचा आणि मोठ्या ऐटीत फिरायचा.

मग एका सकाळी दादा आला तो उजवा हात डाव्या हातात धरून. जणू कुणीतरी आपलं मूल त्याच्याकडे सांभाळायला दिलं होतं.

"पडलास?" धाकट्यानं विचारलं.

"नाही."

"मग? वहिनीनं बदडलं?"

दादा हसला नाही. "उठलो तो असाच. मानेपासून अंगठ्यापर्यंत कुणीतरी तापलेली तार ओढतंय असं वाटतंय."

"अवघडला असेल. मी चोळून देतो."

धाकट्यानं खांद्यावर बोटं ठेवली मात्र, दादा असा ओरडला की शेजारचा लोहार भाता सोडून दारात आला.

पुढचे कित्येक दिवस दादा यायचा आणि फळ्यांच्या ढिगावर भिंतीकडे तोंड करून बसायचा. शर्टाचं कापड खांद्याला घासलं तरी दचकायचा. कधी पुढेमागे झुलायचा, कधी दात आवळून नुसता श्वास घ्यायचा. धाकट्यानं हाक मारली की मात्र चेहरा पुसून वळायचा. माणसं दुखणं लपवताना आधी तोंड लपवतात, हे मी तेव्हा पाहिलं.

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आला तेव्हा त्यानं धाकट्याला सगळं सांगितलं. मी तिथेच टेबलावर होतो. "मानेतून हातात येणाऱ्या नसांना सूज आलीय म्हणाल्या. कशानं ते नक्की सांगता येत नाही. दुखणं आधी जाईल, पण ताकद जाऊ शकते, आणि ती परत यायला फार वेळ लागतो. कधी कधी पुरती येतही नाही."

धाकटा करवत चालवत होता. त्यानं करवत थांबवली नाही. "कुठे आहे सूज? खांदा तर होता तसाच दिसतोय."

"आत आहे."

"आतलं सगळंच खरं धरायचं तर मीही उद्यापासून आजारी."

तो वाईट नव्हता. त्याच्या अंगावर दोघांचं काम पडलं होतं. आणि आमच्या धंद्यात दुखणं म्हणजे बोटावरची पट्टी, काळंनिळं नख, पायात घुसलेला खिळा. न दिसणारी जखम त्यानं कधी पाहिलीच नव्हती.

हळूहळू कळा थांबल्या. दादा पुन्हा नीट झोपू लागला, हे त्याच्या डोळ्यांवरून दिसायचं. धाकटा खूश झाला. दुखायचं थांबलं म्हणजे माणूस बरा झाला. ठेचलेलं बोट बरं होतं तसंच हे, असा त्याचा हिशेब. त्यानं लगेच एका वाचनालयाच्या लांब टेबलाचं काम घेतलं. फळी सुरेख होती, रुंद, एकसंध. तसं लाकूड मिळायला नशीब लागतं.

"चल दादा. बघू, किती आराम खाल्लायस."

दादा माझ्या मागे उभा राहिला. तळवा माझ्या पाठीवर ठेवला आणि मी चरकलो. हात तोच होता. घट्टे तेच होते. पण हातात दादा नव्हता. ओली चादर टाकावी तसा तो हात माझ्यावर पडला होता. दादालाही ते कळलं असणार, कारण त्यानं चटकन डावा हात उजव्यावर ठेवला आणि छातीनं रेटा दिला.

समोरून धाकट्यानं नेहमीसारखं जोर लावून ओढलं. मागून वजन कधी यायचं, कधी नाही. मी थरथरत गेलो. मध्यावर दादाचा कोपर वाकला, माझं नाक खाली गेलं, आणि पातं फळीत रुतलं. कडकन आवाज झाला. फळीच्या ऐन मधोमध भला मोठा खड्डा पडला.

धाकट्यानं त्या खड्ड्यावरून बोट फिरवलं.

"दुखतंय?" त्यानं विचारलं.

दादा खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "नाही."

"मग दाबत का नाहीस? दुखत नाही, सूज नाही, जखम नाही! तुझं मन उडालंय कामावरून. तसं सांग ना सरळ. बाबांनी दिलेल्या जागेवर उभा राहून नाटकं कशाला करतोस?"

दादानं मला पुसलं, डाव्या हातानं उचलून वरच्या फडताळावर ठेवलं. ते एवढंसं कामसुद्धा त्याला पटकन जमलं नाही.

त्या दिवसापासून मी वरून बघत राहिलो. फळी भिंतीला टेकून उभी. धाकटा एकटाच छोट्या रंध्यानं कामं ओढायचा. दादा रोज यायचा, डाव्या हातानं झाडलोट करायचा, पॉलिशपेपर घासायचा. चालताना उजवा हात लोंबकळू नये म्हणून अंगठा शर्टाच्या दोन गुंड्यांमध्ये अडकवून ठेवायचा. धाकटा त्याच्याशी कामापुरतं बोलायचा. "फेविकॉल दे." "दार लोट." माझ्या पाठीवर धूळ बसली, पात्यावर गंज आला. पण त्याचं एवढं वाटलं नाही. ते दोघं एकमेकांकडे तोंड करून उभे राहत नव्हते, त्याचं वाटायचं.

आज दुपारी वहिनी, म्हणजे दादाची बायको, डबा घेऊन आली. दादाचा शर्ट घामानं अंगाला चिकटला होता आणि त्याला तो काढता येत नव्हता. तिनं डबा ठेवला, गुंड्या सोडल्या, लहान मुलाचा काढावा तसा आधी डावा हात काढला, मग उजवा. धाकट्यानं नजर दुसरीकडे वळवली.

"भाऊजी, इकडे बघा," वहिनी म्हणाली. "सूज बघायची होती ना तुम्हाला? ती नाही दाखवता येत. पण सुजेनं काय काय नेलं ते बघा." मग दादाला म्हणाली, "अहो, भिंतीला हात लावा. ढकला."

"कशाला उगाच…"

"लावा म्हणते ना."

दादानं दोन्ही तळवे भिंतीला लावून रेटा दिला. डावी बाजू जागच्या जागी राहिली. उजवीकडचा खांद्याचा फरा पाठीतून असा बाहेर आला, जणू कातडीखालून कुणी फळकूट उभं केलं होतं. खांद्याचा गोळा जाऊन तिथे खळगा पडला होता. एकेकाळी मला लोण्यावरून फिरवावं तसं ढकलणारा दंड आता धाकट्याच्या मनगटाएवढा होता.

धाकट्याच्या हातातली हातोडी तशीच राहिली.

"सांगितलं का नाहीस, दादा?"

"सांगितलं होतं," दादा म्हणाला. आवाजात राग नव्हता.

माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. कुणी म्हणालं दुखतंय, तर कुठे ते दाखव म्हणू नका. आणि कुणी म्हणालं आता दुखत नाही, तर लगेच त्याला जुंपू नका. हातातली करवत तेवढी थांबवा आणि ऐका.

दादाला शर्ट पुन्हा घालून देऊन वहिनी गेल्यावर धाकट्यानं मला खाली काढलं. गंज घासला, तेल लावलं. खड्डा पडलेली ती फळी टेबलावर आडवी केली. "ये दादा," तो म्हणाला. "दाबू नकोस. नुसता हात ठेव. मी ओढतो सगळं."

दादा आला. डाव्या हातात लाकडी हातोडी घेतली. ठक. थांबला. ठक. मान तिरकी करून त्यानं कान दिला, अगदी बापासारखा. मग तळवा माझ्या पाठीवर ठेवला.

धाकट्यानं ओढलं. इतक्या हळू, इतक्या जपून त्यानं मला कधीच ओढलं नव्हतं. सालपट निघालं, वीतभर आलं आणि तुटलं.

"पुन्हा," धाकटा म्हणाला. "जमेल."

दादानं तो तुकडा उचलला, धाकट्याच्या कानावर अडकवला. धाकटा हसायला गेला, पण त्याला हसू आलं नाही.

मग दादानं डाव्या हातानं मला फळीवर अलगद फिरवलं. माझी दांडी आता त्याच्या बाजूला आली आणि पाठ धाकट्याच्या. म्हणजे मागची जागा आता धाकट्याची. हातोडी त्यानं माझ्या शेजारी ठेवली, धाकट्याच्या हाताला येईल अशी.

धाकट्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि समोर बघितलं, दादा दांडी धरेल म्हणून. पण ओढायलाही दोन हात लागतात. दादानं उजवा अंगठा शर्टाच्या दोन गुंड्यांमध्ये अडकवला, आणि दारातून बाहेर निघून गेला.