दोन लहान मुठी

चहा घ्यायचा, पोहे घ्यायचे, बशी पुसल्यासारखी रिकामी करायची आणि मग त्याच घरच्या लेकराचं नाव यादीतून गाळायचं, ही पास्टर धनंजयची कुठली रीत, हे सीताबाईला समजत नव्हतं. बुधवारी घरी आला तेव्हा त्याने तिच्या नातीला, जागृतीला, समोर बसवून प्रश्न विचारले. हसला. डोक्यावर हात ठेवला. आणि आज रविवारी, भर उपासनेत, ईस्टरला ज्यांचा बाप्तिस्मा व्हायचा त्यांची नावं वाचली ती चारच. पाचवं जागृतीचं असायला हवं होतं. अकरा वर्षांची पोर केसांना तेल लावून, मांडीवर बायबल धरून आजीशेजारी बसली होती. चौथं नाव झालं, पास्टरने कागदाची घडी करून खिशात घातली आणि गीताचा नंबर सांगितला.

मागचं वर्ष असतं तर सीताबाई तिथल्या तिथं उठली असती. हिंगणघाटच्या त्या प्रार्थनामंदिराच्या पायाचे दगड तिच्या सासऱ्याने डोक्यावर वाहिलेले. पहिला बाक तिचा. तिच्या जिभेला भिऊन आधीचे दोन पास्टर प्रवचन वेळेत संपवायचे. पण आज ती पंख्याकडे बघत राहिली. पंख्याचं एक पातं वाकलं होतं, एवढंच तिच्या ध्यानात आलं.

हे असं श्रावणापासून चाललं होतं. सून नमिता तापाने चार दिवसांत गेली, तेव्हापासून. सीताबाईला रडू आलं नव्हतं, मातीच्या दिवशीही नाही. लोक म्हणाले, म्हातारी लोखंडाची आहे. म्हातारी जेवत होती, भांडी घासत होती, रविवारी बाकावर बसून गीताला ओठ हलवत होती. आत मात्र काही लागत नव्हतं. अंगाखाली दबून हात बधिर व्हावा, मग चिमटा काढला तरी कळू नये, तसं.

घरी आल्यावर जागृतीने तिला पाणी आणून दिलं.

"काय विचारलं होतं त्यानं तुले?" सीताबाईने विचारलं.

"बाप्तिस्मा काऊन पाह्यजे म्हणे."

"मंग?"

"मी म्हटलं, मी येशूची आहो म्हणून. मंग ते म्हणे, आईची आठवण येते काय? मी म्हटलं, येते. मंग म्हणे, आई भेटन म्हणून बाप्तिस्मा पाह्यजे काय?"

"तू काय म्हटलं?"

"मी म्हटलं, आई तं भेटनच. त्याच्यासाठी कायले बाप्तिस्मा?"

"अन मंग?"

"मंग त्यानं पोहे खाल्ले."

एरवी सीताबाई खो खो हसली असती. आज तिला वाटलं, पास्टरचंच खरं असेल. लेकरं काय, ऐकलेलं बोलतात. आपणही एवढ्या असताना अख्खं स्तोत्र घडाघडा म्हणून दाखवलं होतं, ते गोळ्यांच्या पुडीसाठी. देव त्यात कुठे होता? तिने रिकामा पेला पालथा घातला आणि चूल, म्हणजे गॅस, पेटवायला उठली.

या मंडळीत बायकांची एक जुनी रीत आहे. भात टाकायच्या आधी त्यातले एक मूठ तांदूळ वेगळ्या डब्यात काढायचे. देवाची मूठ. महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी सगळ्यांचे डबे प्रार्थनामंदिरात नेऊन रिकामे करायचे, आणि ते धान्य मंडळीतल्या आजाऱ्यांकडे, एकट्या पडलेल्यांकडे जायचं. या घरात ही मूठ नमिता काढायची. ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी सीताबाईने तांदळात हात घातला, आणि तसाच रिकामा बाहेर काढला. डब्याचं झाकण दाबून लावलं. तू तिला नेलं ना देवा, आता माझ्याकडून दाणा मिळायचा नाही. कोणाला ती काही बोलली नाही.

तरी दर महिन्याला डबा भरलेलाच जात होता. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला असलेला तिचा पोरगा अंकित लोकलाजेखातर पोत्यातून भरत असेल, असं तिने धरून घेतलं. विचारायचे कष्टही घेतले नाहीत. आणि दर महिन्याला पास्टर धनंजय सगळ्यांपुढे सांगायचा, "सीताआजींकडे बघा. घरावर एवढं आलं, पण मूठ चुकली नाही. विश्वास असा असतो." बायका माना वळवून बघायच्या. सीताबाई बघू द्यायची.

आज तिने आधणाचं पातेलं ठेवलं आणि मागे वळली. तांदूळ काढून द्यायचं काम जागृतीचं. पोर ताटलीत तांदूळ घेऊन बसली होती, बाजूला देवाच्या मुठीचा डबा उघडा. तिने एक मूठ टाकली. मग आणखी एक.

"हे काय करून राह्यली?"

"मूठ टाकून राह्यली."

"बापानं सांगितलं काय?"

"नाई. बाबाले माहीतच नाई."

"कधीपासून टाकते?"

"तू झाकण लावून टाकलं ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. मी पाह्यलं होतं तुले."

"अन दोनदा काऊन?"

"आईची मूठ मोठी होती." जागृतीने पंजा उघडून दाखवला. "माह्या दोन मिळून तेवढी होते."

"मले काऊन नाई सांगितलं, बाई?"

"तुह्यं देवासंगं भांडण झालं होतं ना. मी म्हटलं, तुमचं मिटेपर्यंत मी टाकतो."

आता रडू येईल, म्हणून सीताबाई थांबली. आलं नाही. तिने डब्यात मनगटापर्यंत हात घातला. तांदूळ गार लागले. बऱ्याच दिवसांनी तिला काही लागलं होतं. मग पाणी उकळलं आणि तिने भात टाकला.

महिन्याचा पहिला रविवार होता; संध्याकाळी डबा तिने स्वतः कमरेवर घेतला. जागृतीला सोबत घेतलं. प्रार्थनामंदिराच्या ओट्यावर बायका आपापले डबे पोत्यात रिकामे करत होत्या. पास्टर धनंजय पोत्याचं तोंड धरून उभा होता.

"आजी, तुम्ही कशाला त्रास घेतला? तुमच्या घरची मूठ बघितली की मलाच बळ येतं."

सीताबाईने डबा ओट्यावर ठेवला, पण झाकणावरचा हात काढला नाही.

"लेकराचं नाव काऊन गाळलं, पास्टर?"

तो हळू आवाजात म्हणाला, "आजी, पोर दुःखात आहे. मुलं मोठ्यांचं ऐकून बोलतात. एक वर्ष थांबू. तिचा विश्वास तिचा स्वतःचा आहे, हे दिसायला हवं ना?"

बायकांचे हात थांबले. सीताबाईने पहिल्या बाकावरून सात महिने जो मान मिरवला होता, तो आता या सगळ्यांपुढे जाणार होता. तिने झाकण काढलं.

"दिसाले पाह्यजे? मंग पाहा. सात महिने तुम्ही मंडळीसमोर माह्यं नाव घेऊन राह्यले, अन मी गपचिप आयकून घेऊन राह्यली. माही मूठ श्रावणापासून बंद आहे, पास्टर. एक दाणा नाई टाकला. प्रार्थना नाई केली, नुसते ओठ हलवले. हे सारे तांदूळ ह्या पोरीचे आहेत, आपल्या दोन-दोन लहान मुठीनं टाकलेले, कोणी न सांगता, कोणाले न सांगता. विश्वास तुम्ही बरोबर ओळखला होता, पण नाव भलत्याच बाईचं घेतलं. आता खिशातली यादी काढा अन पाचवं नाव लिहा. ज्या तोंडानं माह्यं नाव घेत होते, त्याच तोंडानं पुढच्या रविवारी हिचं घेजा. अन माह्या मुठीचं म्हणसान, तं ते माह्यं अन देवाचं भांडण आहे. त्याच्यात तुम्ही पडू नका."