सुडाचं इंजिनिअरिंग

आमच्या घरात इंजिनिअरिंग हा अभ्यास नव्हता, सूड होता. आणि सूड म्हटला की आमची आई कुणाचं ऐकत नाही. मी तिच्याच वळणावर गेले आहे, हे आधीच सांगते.

सगळं सुरू झालं मैनाकाकीमुळे. ती आईची थोरली जाऊ. धसईत आमची दोन्ही घरं एकाच ओटीची. तिचा प्रणित इंजिनिअर झाला आणि तिचे पाय जमिनीवर ठरेनात. चैत्रातल्या एका हळदीला ती चार बायकांत म्हणाली, "छायाची पोर भेंडीच तोडनार. तिला कशाला शिकवाचं?" बायका हसल्या. प्रणितदादाही हसला.

गंमत अशी की मला भेंडीच करायची होती. आमच्या भागातली भेंडी विमानाने दुबईला जाते. पहाटे तोडलेली, बोटभर लांब, एकसारखी भेंडी खोक्यात रचताना मला जे वाटतं, ते गणिताच्या पुस्तकासमोर कधी वाटलं नाही. बारावीनंतर शेतीच्या पदवीला जायचं मी ठरवलंच होतं. पण आता मी शेती शिकले असते तर काकीचं म्हणणं खरं झालं असतं. तिच्या एका वाक्याने माझी वाट बंद केली, हे मी तिला कधी माफ करणार नव्हते.

आईने तर त्याच मांडवात घाई केली. आमच्याकडे हळद लागताना धवलारीण गाते आणि गाता गाता घरच्यांची, भावकीतल्यांची नावं गुंफत जाते. आई यमूबाई धवलारणीच्या कानाला लागली आणि यमूबाईने सूर लावला, "छायाची लेक गो बाय, इंजिनेर व्हनार." माझा निकालही लागला नव्हता. पण मांडवात गायलेलं मागे घेता येत नाही, अख्ख्या गावाने ते ऐकलेलं असतं.

निकाल बरा लागला. आई म्हणाली, "मुरबाडला जा, प्रणितला विचार कुटली शाखा घेवाची. आनि त्याच्या वरची घे."

प्रणितदादा कंपनीत डिझाइनला आहे, असं काकी सांगायची. मी न कळवता गेले. गेटवरच्या वॉचमनने मला मागच्या गोदामाकडे पाठवलं. दादा तिथे खोक्यांवर स्टिकर लावत होता. मला बघून त्याचा चेहरा उतरला. तो मला चहाच्या टपरीवर घेऊन गेला आणि मी विचारायच्या आधी त्यानेच विचारलं.

"तुला मशिन खोलून बघाला आवडतं का? नाय चाललं तर जीवाला लागतं का?"

"नाय."

"मग नको येऊ. मला पन नाय आवडाचं. माज्या आईला तुज्या आईला दाखवाचं व्हतं, म्हनून गेलो. तीन विषय अजून सुटले नायत." मग तो खाली बघत म्हणाला, "घरी बोलू नको, श्वेता."

"नाय बोलनार," मी म्हटलं.

एसटीत बसेपर्यंत मला त्याची दया येत होती. मग त्याचं ते हसणं आठवलं आणि दया गेली. सल्ला त्याने खरा दिला होता, इंजिनिअरिंग माझं नव्हेच. पण तो सल्ला आईने ऐकला नसता. तिला सल्ला नको होता, काकीची मान खाली हवी होती. आणि ते आता माझ्या हातात होतं.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. आईने हातातलं सूप खाली ठेवलं. इतकी खूश ती माझ्या निकालालाही झाली नव्हती.

"मग माजं शेतीचं?" मी विचारलं.

"जा गो, काय शिकाचं ते शिक," ती म्हणाली. "आता इंजिनेरची काय गरज नाय."

पुढच्या आठवड्यात गावात दुसरी हळद होती. हळदीत गाण्यातून केलेल्या थट्टेचा राग धरायचा नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. या वेळी यमूबाईच्या कानाला मी लागले.

"मैनाचा लेक गो बाय, खोक्यांना चिठ्ठ्या लावतो, तीन इषय र्‍हायले तरी इंजिनेर म्हनवतो."

मांडवात हशा पिकला. काकीच्या हातात हळदीची वाटी होती. रीत म्हणून तिलाही हसावं लागलं, आणि ती हसत असताना मी तिच्याकडे टक लावून बघत राहिले. मला गोड वाटलं. खोटं कशाला बोलू, फार गोड वाटलं. प्रणितदादा मांडवातून उठून गेला, तो तेव्हापासून माझ्याशी बोललेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेतावर निघाले, तर काकी ओटीवर मनालीची वेणी घालत होती. मनाली प्रणितदादाची धाकटी बहीण, यंदा दहावीला. कबड्डीपायी वेडी, आणि गणिताचा पेपर म्हटलं की तिला ताप येतो. काकी आमच्या दाराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली, "आमची मनाली इंजिनेर व्हनार. सगले विषय सोडवून."

आतून आई म्हणाली, "बघू ना."

काकीने वेणी करकचून ओढली. मनालीची मान मागे गेली, पण ती माझ्याकडेच बघत होती. मी टोपली उचलली आणि भेंडी तोडायला गेले.