तीन वाट्या कणीक

केळ्याच्या सालीवरचे ठिपके शुक्रवारी मोहरीएवढे होते. रविवारी संध्याकाळी ते एकमेकांत मिसळून गेले होते. साल इतकी काळवंडली की आतल्या पिष्टाची बरीचशी साखर झालेली असते, वरून घालावी लागत नाही. मावशीनं दोन केळी काट्यानं कुस्करली, भिजवलेला खजूर वाटायला घेतला. आठवड्याच्या न्याहारीचे मफिन ती दर रविवारी याच वेळी करायची, मुलं वडिलांकडून परत यायच्या आत.

मुलं तिच्या थोरल्या बहिणीची. ताई दातांच्या दवाखान्यात कामाला होती. दिवसभर पोरांचे किडके दात बघून बघून तिनं घरातल्या सकाळच्या खाण्यातली साखर बंद केली होती. ताई जाऊन दोन वर्षं झाली. भावोजींची नोकरी तेव्हा फिरतीची, म्हणून भिंगरी आणि गोटू मावशीकडे आले. ताईचा नियम आला, तिची मफिनची कणीक मोजायची वाटीही आली. शेजारच्या आजी कौतुकानं म्हणाल्या होत्या, माय मरो पण मावशी उरो म्हणतात ते काही खोटं नाही. त्या म्हणीचा पहिला अर्धा भाग लोक इतक्या सहज कसा उच्चारतात, हे मावशीला आजवर कळलं नव्हतं.

आता भावोजींची फिरती सुटली होती. दुसरं लग्न होऊनही सहा महिने झाले होते. मुलांना कायमचं घेऊन जाऊ का, असं ते महिन्याला एकदा विचारत आणि मावशी वेळ मारून नेई. आधी भिंगरीची परीक्षा होती, मग गोटूचा खोकला, मग शाळेची बस तिकडे जात नाही म्हणून. भावोजी भिडस्त माणूस. जिनं पोरांचं सगळं केलं तिला दुखवायचं कसं, म्हणून ते गप्प बसत. शनिवारी मुलं तिकडे जात, रविवारी परत येत.

बेल वाजली. मुलांना सोडायला आज भावोजींची बायको एकटीच आली होती. मुलं तिला काकू म्हणत. बसायच्या आधीच तिनं हातातला डबा उघडून पुढं केला. तुम्ही मफिनची कृती लिहून दिलीत अगदी तसंच करते, ही चौथी खेप, कुठं चुकतं ते तरी सांगा, म्हणाली.

डब्यातले मफिन फिकट होते, चिरा पडलेले. गोटूनं त्यातला एक उचलून टेबलावर आपटला. "मावशी, ऐक. आवाज येतो."

"आपण याची भिंत बांधू," भिंगरी म्हणाली. "काकू गवंडी आहे."

"असू दे गं. पगार तरी बरा मिळेल," काकू म्हणाली, आणि तिघंही हसली. मावशी बघत राहिली. अशी चेष्टा एका दिवसात जमून येत नाही.

मुलं आत गेल्यावर काकूनं आवाज खाली आणला. "मी म्हटलं होतं, नका खाऊ. तरी दोघांनी एकेक संपवला. गोटूला घास उतरेना, पाण्याबरोबर गिळला त्यानं. मला वाईट वाटेल म्हणून." तिनं डब्याचं झाकण लावलं. "तुमच्या हाताला चव आहे. माझ्या नाही, एवढंच असेल."

मावशीनं झाकलेल्या डब्याकडे पाहिलं. ती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करायची. थेंब मोजल्याशिवाय कागदावर आकडा लिहायचा नाही, असा तिचा हात. तोच हात काकूसाठी नुसतं 'कणीक तीन वाट्या' असं लिहून मोकळा झाला होता. वाटी म्हटलं की आपल्यात कुणी विचारत नाही, केवढी? त्यावरच तिनं भिस्त ठेवली होती.

तिनं ताईची वाटी काकूपुढं ठेवली.

"तीन म्हणजे या तीन. घरातली नेहमीची वाटी हिच्या दुप्पट असते. केळी तेवढीच, अंडी तेवढीच, कणीक मात्र दुप्पट. दगडच होणार."

काकूनं वाटी उचलून फिरवून पाहिली. मग ती हळूच म्हणाली, "लिहायचं राहून गेलं असेल तुमच्याकडून."

एवढ्यावर निभावलं असतं. काकूनं स्वतःहून वाट करून दिली होती.

"राहून नाही गेलं," मावशी म्हणाली. "मी राहू दिलं."

काकूनं वाटी जपून टेबलावर ठेवली. तिनं चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं मावशीला वाटलं. तेवढ्यात आतून गोटूनं विचारलं, "आहेस का गेलीस?" नाव न घेता मारलेल्या त्या हाकेला उत्तर द्यायला दोघींनीही तोंड उघडलं.

"काकू?" गोटू म्हणाला.

"आहे रे," काकूनं ओ दिली.

मावशीनं ओटा पुसला. पुसलेला पुन्हा पुसला. फडकं पिळून वाळत घातलं. मग काकूकडे वळून ती म्हणाली, "भावोजींना सांगा, येत्या शनिवारी येताना मोठी बॅग घेऊन या. मुलं आता तुमच्याकडेच राहतील."