नानासोचं माप

शालूबाईचे गुडघे सुजून टम्म झाले होते, अंगभर गांधी उठल्या होत्या आणि लघवी चहासारखी लाल. कोरेगावच्या त्या चार खाटांच्या दवाखान्यात नानासो कंपाउंडर नुसता येरझारा घालत होता. चार दिवसांपूर्वी तिच्या पायाला विळा लागला, तेव्हा धनुर्वाताची सुई त्यानंच टोचली होती. बावीस वर्षांत त्याच्या हातून असं कधी झालं नव्हतं.

त्यानं रीतसर विचारलंही होतं, "ही लस घोड्याच्या रक्तातनं काढत्यात. आधी कवा कसली अशी सुई घेतलीया का?" तिनं खाली मान घालून 'नाही' म्हटलं होतं. वर सासू, आक्काताई, शेजारी उभी राहून म्हणाली होती, "आमच्या सुनंनं सुई डोळ्यानं बी बघितली न्हाई."

डॉक्टर तपासून बाहेर आले. "एक तर हिनं घोड्याची लस पूर्वी घेतली असणार, नाहीतर मात्रा भलतीच जास्त गेली. शरीर लसीवर तुटून पडलं, त्यातून झालेल्या गुठळ्या सांध्यांत नि मूत्रपिंडात अडकल्या. रक्तात एक पूरक द्रव्य असतं, कॉम्प्लिमेंट म्हणतात. एरवी ते जंतू मारायला मदत करतं. इथं ते गुठळ्यांवर चेतलं, त्यानं पांढऱ्या पेशी गोळा केल्या, आणि आता तिचंच मांस जाळतंय."

"म्हंजी चोर सोडून संन्याशाला फाशी."

"तसंच."

"कारण कंचं बी असू द्या, औषध तेच का?"

"तेच."

आक्काताई चहा आणायला गेली होती. नानासो खाटेशी बसला. "खरं सांग, बाई."

शालूबाईचे डोळे भरून आले. "ल्हानपणी घटसर्प झालता. कराडात असलीच घोड्याची सुई दिलती. सोयरीक जुळवताना आईनं ते लपवलं. दादा, आत्याबाईंस्नी कळलं तर मला नांदवायच्या न्हाईत."

"पुना ही लस कवा घेऊ नगंस," एवढंच तो म्हणाला. त्याला तिचा राग आला होता, आणि दयाही.

आक्काताई आली तशी डॉक्टरांनी विचारलं, "नानासो, मात्रा बरोबर होती ना?"

नानासोनं खाटेकडं बघितलं. बावीस वर्षांची अब्रू होती, दुसरं काय होतं त्याच्याजवळ?

"माप चुकलं माझं. दुप्पट भरली."

त्या दिवसापासून त्याच्या हातातली सुई गेली. पातळ औषधं बाटल्यांत भरायची, एवढंच काम उरलं. गावात जो तो म्हणू लागला, नानासोला आता दिसत नाही.

तीन आठवड्यांनी सूज उतरून शालूबाई घरी निघाली. आक्काताईनं जाता जाता नानासोला फैलावर घेतलं. "बावीस वरसं काय माशा मारत व्हतास? माझी सून गेली असती की."

नानासो बाटलीत औषध ओतत राहिला. शालूबाई पुढं झाली आणि वाकून तिनं त्याच्या पायांवर डोकं ठेवलं.

"आगं, ह्येच्या पाया पडतीस?"

"पडू द्या, आत्याबाई," ती म्हणाली, आणि लवकर उठलीच नाही.

नानासोनं पाय मागं घेतले. हातातल्या बाटलीला तो बूच लावू लागला, पण ते काही केल्या बसेना.