सगळ्यांना हो

घरात त्याला होयबा म्हणत. नाव ताईनं ठेवलेलं, आणि ताईनं ठेवलेलं नाव बदलायची कुणाची छाती नव्हती. बरं, नाव खोटंही नव्हतं. "हे करशील का?" हो. "उद्यापर्यंत होईल ना?" हो हो. प्रश्न पुरता कानात शिरायच्या आत ह्याचं हो बाहेर पडलेलं असायचं. भिडस्त माणूस! नाही म्हटलं तर समोरच्याचं तोंड उतरेल, ह्याच धाकात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

ताई अगदी उलटी. ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायची. शेजारच्या सीटवरून ती "अरे क्लच! क्लच दाब, माझ्या तोंडाकडे काय बघतोस!" असं ओरडली की रस्त्यावरची माणसंसुद्धा नकळत पाय दाबायची. आई लवकर गेली, तेव्हा होयबाला वाढवलं तेही ह्याच आवाजानं. आणि आता त्या घशात गाठ निघाली होती. स्वरयंत्र काढायचं, दुसरा इलाज नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं.

होयबा वाचा-उपचार केंद्रात कॉम्प्युटर सांभाळायचा. तिथे एक सोय होती. आवाज जायच्या आधी माणसानं भरपूर वाक्यं वाचून रेकॉर्ड करून ठेवायची. मग पुढे तो यंत्रावर जे टाइप करेल ते यंत्र त्याच्याच आवाजात बोलून दाखवतं. ताईला ह्यासाठी तयार केलं ते होयबानंच. आठवडाभर ती येऊन वाचत होती. "आज हवा छान आहे." "कृपया दार लावा." वाचून झालं की हसायची. "जन्मात कुणाला कृपया म्हटलं नाही रे मी. आवाज माझा, पण बोलणारी कुणी भलतीच." तरी वाचलं. घसा बसत चालला होता, तरी वाचलं. कारण होयबानं शब्द दिला होता, "तू वाच ताई, सांभाळायचं माझ्याकडे लागलं."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी केंद्रातली वीज गेली, आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. मोठा कॉम्प्युटर परत सुरू झाला आणि पडद्यावर सूचना आली, की रेकॉर्डिंगच्या डिस्कमध्ये चुका आहेत, तपासून घ्या. घाबरण्यासारखं काही नव्हतं. डिस्कवर फाइलींची नावं एकीकडे असतात आणि आतला माल दुसरीकडे. वीज अचानक गेली की दोन्हींचा मेळ चुकतो. तो बसवायला 'एफएससीके' नावाचा प्रोग्राम असतो. त्याचं पथ्य एकच. तपासणी चालू असताना ती डिस्क कुणी वापरायची नाही. चालत्या गाडीचं चाक बदलत नाहीत, तसंच हे. होयबाला ते पाठ होतं.

सगळ्यांना काम थांबवायला सांगावं म्हणून तो उठलाच होता, तेवढ्यात उपचारबाई दारात आल्या. ताईकडून वाक्यं वाचून घेतली ती ह्यांनीच.

"माझे पेशंट बसलेत हो बाहेर. आम्ही चालू ठेवलं तर चालेल ना?"

"हो हो, चालेल की."

झालं! पुढचं सगळं रामायण ह्या एका होपायी घडलं.

त्यानं प्रोग्राम सुरू केला. प्रोग्राम बिचारा शहाणा. त्यानं आधीच बजावलं, की डिस्क वापरात आहे, पुढे गेलात तर गंभीर नुकसान होईल, खरंच पुढे जायचं आहे का? बाकीच्या प्रश्नांना हा प्रोग्राम उत्तर 'हो' असं धरून चालतो. ह्या एका प्रश्नाला मात्र त्यानं 'नाही' धरून ठेवलं होतं. नुसतं एंटर दाबलं असतं तरी निभावलं असतं. पण होयबानं मुद्दाम बोट उचलून हो दाबलं. चार-दोन तर चुका आहेत, कुणाला कळायच्या आत उरकून टाकू, असं मनाशी म्हणाला.

चुका चार-दोन नव्हत्या. "ही फाइल कुठल्याच फोल्डरला जोडलेली नाही. जोडू?" हो. "एका जागेवर दोन फाइली हक्क सांगताहेत. वेगळ्या करू?" हो. "ह्या फाइलीतले पत्ते चुकीचे आहेत. पुसून टाकू?" हो. सुरुवातीला तो वाचत तरी होता. मग प्रश्नांची नुसती रीघ लागली, आणि प्रोग्रामनंच खाली सुचवलं होतं, की पुन्हा पुन्हा विचारायला नको असेल तर 'सगळ्यांना हो' हे बटण आहे. होयबाला आयुष्यभर असंच बटण हवं होतं. दाबलं.

बाहेर बाई रेकॉर्डिंग करत होत्या आणि आत प्रोग्राम आवरत होता. एक हात मांडतोय, दुसरा उचलतोय. प्रश्न थांबले तेव्हा त्यानं ताईचा फोल्डर उघडला. आत काहीच नव्हतं.

बाकीच्या पेशंटांच्या फाइलींची गेल्या आठवड्याची प्रत दुसऱ्या डिस्कवर होती. ताईची सगळी वाक्यं ह्याच आठवड्यातली, आणि ह्या आठवड्याची प्रत अजून निघायची होती.

आता कुणीही म्हणेल, अरे, मग तेव्हाच सांगायचं ना! ताईचा आवाज अजून तिच्या गळ्यात होता. बसला होता, पण होता. सकाळीच सांगितलं असतं तर निम्मं तरी पुन्हा वाचून झालं असतं. पण तेवढी जीभ उचलली तर तो होयबा कसला! तो 'लॉस्ट अँड फाउंड' फोल्डर उघडून बसला. बेवारस फाइली प्रोग्राम तिथे टाकतो, नावं जातात, नुसते आकडे उरतात. एकेक लावून ऐकू लागला. खरखर. कुणाचा तरी खोकला. पुन्हा खरखर. मग अचानक ताई: "आज हवा छा..." आणि तुटलं. सगळं सापडेल, कुणाला कळणारसुद्धा नाही, असं तो स्वतःला सांगत राहिला आणि दुपार निघून गेली.

मध्येच हॉस्पिटलमधून भावोजींचा फोन आला. "अहो, उद्या पहिला नंबर हिचाच आहे. ही विचारतेय, तिचं रेकॉर्डिंग नीट आहे ना?"

"हो," होयबा म्हणाला. "हो हो."

फोन ठेवला आणि त्याला स्वतःची शिसारी आली. त्यात भर म्हणून बाई डोकावल्या. "विजेनं नुसता गोंधळ घातला होता हो सकाळी. तुम्ही होतात म्हणून निभावलं. ताईंचं सगळं सुखरूप आहे ना?"

होयबानं तोंड उघडलं. हो अगदी ओठांवर आलं होतं.

"नाही," तो म्हणाला. "नाही हो बाई. गेलं सगळं. विजेनं नाही, मी घालवलं."

बाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. "अहो, सकाळी मला थांबा म्हणायचं होतंत. मी थांबले असते ना!" त्यांनी टेबलावरचा छोटा रेकॉर्डर उचलून पर्समध्ये टाकला. "उठा. भेटायची वेळ संपायच्या आत पोचायला हवं."

वॉर्डात ताई पलंगावर बसून ढकलगाडी मागे घेणाऱ्या वॉर्डबॉयला हातवारे करून डावीकडे, डावीकडे असं दाखवत होती. बोलायची मनाई होती तिला. होयबा पायथ्याशी उभा राहिला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. बाईंना म्हटलेलं हो, डिस्कला म्हटलेलं हो, फोनवरचं हो. सांगताना त्याला रडू फुटलं.

ताईनं वॉर्डबॉयला दाखवणारा हात खाली घेतला.

"गाढवा!" ती म्हणाली. आवाज घोगरा झाला होता, धार तीच. "सकाळी झालं आणि आत्ता सांगतोस? दिवसभर काय अंडी उबवत होतास? बाकीच्यांना हो म्हण रे, मला कशाला? मी काय परकी आहे? लहानपणी अंगात ताप घेऊन शाळेत गेलास. का, तर मी विचारलं बरं आहे ना, आणि तू हो म्हणालास! वर्गात पडलास तेव्हा कोण धावत आलं? किती धावायचं रे मी तुझ्यामागे?"

बाईंनी रेकॉर्डर उशीजवळ ठेवला होता. वरचा लाल दिवा लागलेला होता. "बोला ताई," त्या हळूच म्हणाल्या, "असंच बोला."

"हे चालू आहे? बरं. मग ऐकच आता." आणि ताई जी सुटली! त्याच्या पहिल्या गाडीला पडलेल्या पोच्यापासून लग्नात हरवलेल्या अंगठीपर्यंत तिनं एक गोष्ट सोडली नाही. भावोजी मान खाली घालून ऐकत होते. नर्स थांबवायला आली आणि तीही दोन पावलांवर थबकली. शेवटी आवाज चिरकला, तरी ताईनं पुरं केलं, "आणि उद्यापासून तुझ्यावर ओरडायचं कुणी? सांग ना. कोण ओरडणार?"

मग नुसती हवा आली. नर्सनं पाण्याचा ग्लास पुढे केला.

ऑपरेशन नीट झालं. जखम भरली, ताई घरी आली, आणि काही महिन्यांनी तिचं यंत्रही आलं. बेवारस फाइलींमधून जेमतेम मूठभर वाक्यं धड निघाली होती. यंत्र बोलायला शिकलं ते मुख्यतः वॉर्डातल्या त्या ओरडण्यावरून. ताईनं गंमत म्हणून टाइप केलं, "कृपया दार लावा." यंत्र असं खेकसलं की भावोजी दचकून उठले आणि दार लावून आले. सगळे पोट धरून हसले. ताईसुद्धा हसली, आवाज न करता.

होयबा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला होता. ताईनं त्याच्याकडे पाहिलं आणि बराच वेळ टाइप करत राहिली.

"झालं गेलं विसर. माझा राग नाही तुझ्यावर," यंत्र ओरडलं.

पडद्यावरची अक्षरं शांत होती, ताईचे डोळेही शांत होते. आवाज मात्र वॉर्डातला, त्याच संध्याकाळचा. तिला ते कळलं असावं. तिनं तेच वाक्य पुन्हा लावून पाहिलं, आवाज बारीक करून पाहिला. बारीक केलं तरी ते ओरडणंच होतं. आता तिला कधीही त्याला माफ करायचं झालं तरी ते ह्याच आवाजात करावं लागणार होतं, आणि ते त्यानंच करून ठेवलं होतं.

ताईनं सुस्कारा टाकला आणि पुन्हा बोटं चालवली.

"जेवलास का?" यंत्र गरजलं.

"नाही," होयबा म्हणाला.

ताईनं आपलं ताट त्याच्यापुढे सरकवलं.