आयत्या खुंटावर

मी एक निवडुंग बोलतोय. पण बाल्कनीत आलात तर तुमची नजर आधी माझ्यावर पडणार नाही, म्हणून जरा खाली वाका. ते वर गोल, गुबगुबीत, पांढऱ्या काट्यांनी कापूस पिंजल्यासारखं दिसतंय ना, तो मी नव्हे. त्याच्याखाली तीन धारांचा हिरवा खांब उभा आहे, तो मी. कलम करणाऱ्यांच्या भाषेत मला खुंट म्हणतात. नावातच सगळं आलं.

माझा जन्म एका रोपवाटिकेच्या कुंपणाशी झाला. आईच्या अंगावरून कापून आम्हा भावंडांना सावलीत ठेवलं, जखम सुकल्यावर वाळूत खोचलं. कोणी लाड केले नाहीत, तरी मी वाढलो. ताठ, रसरशीत, शेंड्याला पोपटी. आमच्या जातीला हातभर मोठं पांढरं फूल येतं म्हणे. आपल्यालाही येईल, या भरवशावर मी दिवस काढत होतो.

एके दिवशी घड्याळजी आले. घड्याळं दुरुस्त करणारा हा माणूस दुकानातून सुटला की निवडुंगांत रमायचा. त्यांनी मला उचललं, उजेडात फिरवून पाहिलं आणि माळ्याला म्हणाले, हाच द्या. इतक्या भावंडांतून मला निवडलं! माझा ऊर भरून आला.

घरी घड्याळजी आणि त्यांची थोरली बहीण, दोघंच. टेलिफोनच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या बहिणीला सगळा जिना ताई म्हणायचा. मला बाल्कनीत उन्हाची पुढची जागा मिळाली. शेजारच्या कुंड्यांकडे मी जरा नाक वर करूनच पाहायचो. हे खोटं कशाला सांगू?

मग एका रविवारी घड्याळजींनी मला टेबलावर घेतलं. डोळ्याला भिंग लावलं, पातं स्पिरिटने पुसलं आणि माझा शेंडा उडवला. माझा पोपटी शेंडा केराच्या डब्यात! त्यानंतर चिमट्यात धरून वाटाण्याएवढं एक रोप आणलं, त्याचं बूड कापलं आणि ते माझ्या ओल्या जखमेवर ठेवलं. माझ्या गाभ्यातलं रस वाहणारं कडं त्याच्या कड्याशी जुळवलं, वरून रबर बँड ताणले.

ताई दारात उभ्या होत्या. "त्या बिचाऱ्याचं डोकंच उडवलंस की."

"याची मुळं धड नाहीत, ताई. स्वतःच्या पायावर हा जगायचा नाही. तो याला जगवेल."

"आणि त्याला विचारलंस?"

घड्याळजींनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. रबर बँड नीट बसलेत का, तेवढंच पाहत राहिले.

जखम सांधली आणि माझी चाकरी सुरू झाली. पाणी मी ओढायचं, फुगायचं त्याने. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. घड्याळजी सकाळी दात घासत बाल्कनीत यायचे ते थेट त्याच्यापाशी. त्याला नवा काटा आला तरी ताईंना हाक जायची. माझ्या अंगाला कोवळा कोंब फुटला, तर बोटाने मोडून टाकायचे. म्हणे, रस वाया जातो. माझा रस माझ्याच पोराला दिला, तर तो वाया!

अधूनमधून त्यांची काटेरी मित्रमंडळी जमायची. त्यात एक भिंगकाका होते. खिशात रुमाल नसेल, पण भिंग असायचं. चहा निवायचा आणि हे सगळे वरच्याच्या भोवती डोकी घालून बसायचे. प्रत्येक झुबक्यात काटे किती, मधला काटा सरळ की आकड्यासारखा, धारा सरळ चढतात की पिळून, एकेका गोष्टीवर तास जायचा. बिया देणाऱ्याने जात दुर्मीळ असल्याचं सांगितलं होतं म्हणे. फूल आल्याशिवाय नाव ठरणार नाही, असं भिंगकाका प्रत्येक वेळी सांगून उठायचे. कुंडीतल्या पट्टीवर नावाच्या जागी प्रश्नचिन्ह होतं. त्या प्रश्नचिन्हाचासुद्धा मला हेवा वाटायचा. एकदा एका नव्या बाईंनी विचारलं, खालचा कोणता? भिंगकाका म्हणाले, "तो होय? तो नुसता खुंट."

त्या दिवशी मी पाणी ओढलंच नाही. दुसऱ्या दिवशी तहान लागली, काय करता?

अखेर त्याला कळी आली. घड्याळजींनी दुकान बंद ठेवलं, मंडळी गोळा झाली. दुपारच्या उन्हात फूल उमललं. छोटं, फिक्या गुलाबी रंगाचं. भिंगकाकांनी बराच वेळ पाहिलं, मग चष्मा काढून पुसला. हळूच म्हणाले, दोन साध्या जातींचा संकर आहे, कुठल्याही रोपवाटिकेत मिळेल. कोणीतरी खाकरलं. चहा लवकर संपला आणि लोक एकेक करून गेले.

मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. उतरला माज! आता याला काढणार आणि मला मोकळं करणार.

ताईंनाही तसंच वाटलं असावं. त्यांनी विचारलं, "काढायचा का आता? तेवढीच जागा होईल."

घड्याळजी स्टुलावर बसून होते. म्हणाले, "भागीदाराच्या हातच्या बिया आहेत त्या, ताई. मुलीकडे कायमचा राहायला निघाला तेव्हा दिल्या. म्हणाला, माझ्या हाताला कधी काही जगलं नाही, तू बघ. बी रुजायच्या आत तोच गेला. तेवढंच एक रोप वाचलं." मग कुंडी उन्हाकडे फिरवत म्हणाले, "नाव काही का असेना. जगला ना."

दुकानात जन्मभर कोपराला कोपर लावून बसलेला भागीदार. मला हे तोवर माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी त्याच्या दुर्मीळपणावर जळत होतो. तो दुर्मीळपणा गेला, म्हणजे जळणंही थांबायला हवं होतं. झालं उलटंच. मोठेपण गळून पडतं, त्याचं काही नाही. पण कोणी कोणाच्या हाती मागे ठेवून गेलेलं असतं, त्याची बरोबरी कशी करायची? मला कोणीच कोणाच्या हाती सोपवलं नव्हतं.

त्यालाही आता वर्षं झाली. खुंटाचं आयुष्य मोठं नसतं. माझ्या बुंध्याला तपकिरी साल धरली आहे, धारा सुरकुतल्या आहेत, आणि वरचा मात्र असा थोराड झालाय की नाकापेक्षा मोती जड. परवा घड्याळजींनी माझं अंग दाबून पाहिलं. ताईंना म्हणाले, हा थकला, वरच्याला दुसऱ्या खुंटावर घ्यावं लागेल.

तो दुसरा आलाही आहे. समोरच उभा आहे, तरणाबांड, उन्हाला छाती काढून. आणि खरं सांगू? आजवर इतके हेवे केले, पण या पोराचा वाटतो तसा कोणाचाच वाटला नव्हता. माझ्या डोक्यावरचं हे ओझं उद्या त्याच्या डोक्यावर जाणार. या वरच्याची तहान त्याच्याही आधी मला कळते. याच्या त्या फिक्या फुलाचा रंगसुद्धा माझ्याच अंगातून वर गेला होता.

म्हणून घड्याळजींना एवढंच सांगणं आहे, कोणी पोचवलं तर बरं होईल. पातं पुसायची घाई करू नका. या उन्हाळ्यापुरता रस आहे अजून माझ्यात. तेवढा वरच्यालाच जाऊ द्या.